मोहगावमार्गे बेटावर

बायकोने समुद्र पाहायचा म्हटलं, तेव्हा मी मुकाट्याने कोकणातल्या एखाद्या गावाची तिकिटं काढली असती, तर सासुरवाडीत माझी थोडीफार इज्जत शिल्लक राहिली असती. पण मी म्हणालो, "थांब, आधी एक व्हिडिओ पाहू." तिथून सगळा घोळ सुरू झाला.

पांढुर्ण्याहून समुद्र कोणत्याही बाजूला निघालात तरी लांबच पडतो. आमच्याकडे जाम नदी आहे, आणि तीही गोटमारीच्या, म्हणजे दोन्ही काठांवरून एकमेकांना दगड मारायच्या जत्रेच्या दिवशी तेवढी पेपरात येते. अमिता, म्हणजे माझी बायको, मोहगावची. माहेर मोहगाव, सासर पांढुर्णा आणि परदेश म्हणजे नागपूर, एवढ्यात तिचा सगळा संसार झाला. वर्षातून एकदा तरी ती म्हणायची, "एक डाव समुद्र पाहू नं जी." आणि मी म्हणायचो, "बघू." (सरकारी कचेरीत बाबू म्हणून जन्म काढला की हा शब्द तोंडातून आपोआप पडतो. समोरचा माणूस तो ऐकून घरी जातो, अशी आमची समजूत असते.) यंदा आमची पूजा पुण्याला नोकरीला लागली, घर रिकामं झालं आणि अमिता 'बघू' ऐकूनही जागची हलेना.

तर व्हिडिओ. कुठल्याशा लांबच्या समुद्रातलं एक बेट. (नाव सांगत नाही. सांगितलं तर आमच्या ऑफिसातले उद्या तिथे जाऊन भजी तळतील.) बेटावर गाव नाही, गाडीरस्ता नाही. कड्याच्या काठाकाठाने एक पायवाट. एक गोरा नवरा आणि त्याची गोरी बायको पाठीवर बॅगा घेऊन दिवसभर चालतात, संध्याकाळी एका लाकडी झोपडीत मुक्काम करतात आणि सकाळी पुढच्या झोपडीकडे निघतात. असे बरेच दिवस. समुद्र सारखा बाजूला असतोच.

अमिता बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "त्या झोपडीत राहते कोन?"

"कोणीच नाही."

"मंग आपल्याले जेवा म्हणन कोन?"

"कोणी म्हणत नसते तिथं. आपणच शिजवाचं, आपणच खायचं, निघताना झोपडी झाडून निघाचं."

"म्हंजे रोजच्यासारखंच," ती म्हणाली. तेवढ्यात पडद्यावर त्या गोऱ्या नवऱ्याने झाडू उचलला. अमिताने व्हिडिओ थांबवला, मागे नेला आणि तो झाडू उचलतो तेवढा भाग पुन्हा पाहिला. "जाऊ मंग," ती म्हणाली.

झालं! मी नियोजनाला लागलो. नियोजन मला फार आवडतं, कारण त्यात चालावं लागत नाही. नागपूरहून दोन बॅगा आणल्या. त्यांना इतके पट्टे होते की मी पहिल्याच प्रयत्नात त्यात गुंतलो आणि अमिताने मला सोडवून काढलं. घोट्याच्या वर येणारे बूट घेतले. दुकानदार म्हणाला, थोडे वापरून सैल करा. मी ते रोज संध्याकाळी टीव्हीसमोर घालून बसायचो. अमिता तिच्या जुन्याच बुटांवर खूश होती. तिने बॅगेत तिखटमिठाच्या पुऱ्या, शेवेचं पाकीट आणि खाली संत्री भरून पाहिली.

"अगं, बेटावर वजन कमी न्यायचं असते," मी व्हिडिओतलं ज्ञान पाजळलं.

"बेटावर संत्री भेटते का?"

"नाही."

"मंग?"

(यावर त्या गोऱ्या माणसाने काही सांगितलेलं नव्हतं.)

झोपड्यांचं बुकिंग पूजाने पुण्याहून ऑनलाइन करून दिलं. पण ती म्हणाली, "बाबा, तुम्ही दूध आणायलाही गाडी काढता. आधी चार दिवस कुठेतरी सराव करा." सराव म्हटल्यावर माझ्यातला अधिकारी जागा झाला. मी ताबडतोब कार्यक्रम आखला. पांढुर्ण्याहून निघायचं, शेताशेतांतून मोहगाव गाठायचं आणि पुढे सावसरच्या बसस्टँडवर समाप्ती. संत्र्याचा आणि कापसाचा सीझन होता. माकडं आणि डुकरं राखायला प्रत्येक बगीच्यात माणसं झोपडी करून राहतात, आणि आमच्या भागात कोणतीही झोपडी कोणाच्या ना कोणाच्या नात्यातली निघतेच. बेटाची हुबेहूब नक्कल!

वर मी एक अटही घातली. "सावसर येईपर्यंत जो कोणी गाडीत बसेल, त्याचं बेट कॅन्सल."

हे बोलताना मी अमिताच्या गुडघ्यांकडे पाहत होतो. (माझ्या गुडघ्यांचं मत घ्यायचं राहून गेलं.) तिने एकदा माझ्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाली, "मंजूर." तिच्यासाठी ती अट नव्हती, समुद्राकडे जायचं दारच होतं. हे मला त्या वेळी कळलं असतं तर मी तोंड बंद ठेवलं असतं.

सकाळी निघालो. शेतात वाढलेली बाई ती, शेताच्या पहिल्या धुऱ्यावरच, म्हणजे बांधावरच, माझ्या पुढे गेली आणि पुढेच राहिली. मी मागे. नवे बूट टीव्हीसमोर जितके मऊ वागायचे, तितके रस्त्यावर वागेनात. एक ओळखीचा माणूस मोटारसायकल थांबवून अमिताशी बोलला. मी मागून ऐकत होतो.

"कुठं चालल्या जी, वहिनी?"

"मोहगावले. बाबाच्या घरी."

"पैदल?"

"हो."

"आन भाऊ?"

"येऊन राहिले मांगून. येतील तं येतील."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गाडी काढली. पुढच्या वळणावर तो गाडी लावून मोबाइलवर बोलताना दिसला.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. लेक माहेरी जाते ती मानाने. भाऊ घ्यायला येतो, किंवा नवरा गाडीवर नेऊन सोडतो, चहा घेतो आणि घाईत असल्याचं नाटक करून परततो. बाई जर आपलं सामान आपल्याच पाठीवर घेऊन पायी माहेरचा रस्ता धरत असेल, तर त्याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. शाळेतल्या पोरालाही तो कळतो. मलाही माहीत होता. पण माझ्या डोक्यात त्या वेळी बेट होतं, आणि मी मागून लंगडत ओरडत होतो, "अमिता, थांब नं! ऐक तं माझं!"

कापूस वेचणाऱ्या बायका कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. त्यांतली एक ओरडली, "नोको थांबू व बाई! जाय तू!"

मला वाटलं, वा, आपल्या भागात खेळाडू वृत्ती वाढली.

पहिला मुक्काम वामनकडे होता. वामन आमच्याच ऑफिसातून रिटायर झालेला बाबू. आता तो आणि त्याची बायको सुशीला, दोघं आपल्या छोट्या बगीच्यात राहतात. सुशीलाने अमिताला हाताला धरून झोपडीत नेलं. मला वामनने बाहेरच खाटेवर बसवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "विनोदभाऊ, गोष्ट कुठवर गेली?"

"बरीच पुढं गेली," मी बूट सोडत म्हणालो. "आपल्या पूजानंच सगळं करून देलं."

"पोरीनं?"

"आजकाल पोरीच करतात. आपल्याले ऑनलाइनमधलं काय समजते?"

"आता हेबी ऑनलाइन होते?"

"सगळं. दोघाची सहीबी नाही लागत."

वामनने एक संत्रं सोलून माझ्या हातात दिलं. आजाऱ्याला देतात तसं. "आन वहिनी राहीन कुठं?"

"झोपडीत. रोज येगळी झोपडी."

"भाऊ!"

"तिनंच पसंत केलं. मी म्हणलो होतो, कोकणात चांगलं हॉटेल पाहू. नाही म्हणाली."

वामनच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "माफी मागून टाका."

"कायची?"

"कायचीबी!"

आत काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. सुशीलाने विचारलं, काहून निघाली व बाई? आणि अमिताने अगदी खरं ते सांगितलं: "किती साल झाले मी एकच गोष्ट मांगून राहिली. हे नुसतं बघू बघू करतात. आता मी निघालीच." सुशीलाने तिला पोटाशी धरलं. सकाळी निघताना अमिताच्या बॅगेत पानगे आणि तुपाची बरणी होती. माझ्या बॅगेकडे कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या मुक्कामाला तर आमच्या आधी बातमी पोचली होती. झोपडी शेणाने सारवलेली, अमितासाठी प्लास्टिकची खुर्ची, माझ्यासाठी दगड. तिगावच्या एका मावशीचा तिथे फोनही येऊन गेला होता, की अमिता रडत रडत चालली आहे आणि तिच्या पायात चप्पलही नाही. (तिगाव आमच्या वाटेत नाही. त्या दिशेला आम्ही तोंडही केलं नव्हतं.) जो तो अमिताला म्हणायचा, जीपमध्ये बस, मोहगावले सोडतो. ती हसून म्हणायची, "नाही जी, मी पायीच जाणार." मग बायका एकमेकींकडे पाहायच्या आणि मग माझ्याकडे. मला एकदाही कोणी जीप विचारली नाही. विचारली असती तर, खरं सांगतो, मी बेटाचा फार विचार केला नसता.

मोहगावच्या अलीकडे सासऱ्यांचा बगीचा आहे. तिथल्या झोपडीसमोर संत्र्याच्या सावलीत सतरंजी टाकलेली दिसली, तेव्हा मला वाटलं आमचा सत्कार आहे. मी शर्ट खोचला. जवळ गेलो तर मधोमध सासरे भगवंतराव, आजूबाजूला नात्यातले वडीलधारे, आणि बाजूला माझा साळा वीरेंद्र ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून उभा. ट्रॉली बहिणीचं सामान पांढुर्ण्याहून परत आणण्यासाठी होती, हे नंतर समजलं. सासूबाई केसरबाई धावत आल्या आणि त्यांनी अमिताच्या तोंडावरून हात फिरवला.

"बसा, जवाईबापू," भगवंतराव म्हणाले. "आमच्या पोरीचं काय चुकलं, तेवढं सांगा."

आता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वामनच्या डोळ्यांतलं पाणी, ते संत्रं, तो दगड, सगळं एकदम समजलं. मला हसूच आलं. (ही त्या दिवसातली सर्वांत मोठी चूक.) मी म्हणालो, "मामाजी, तसं काही नाही. झगडा नाही झाला. आम्ही सराव करून राहिलो."

"कायचा?"

"चालाचा."

मंडळींनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"एक बेट आहे," मी पुढे म्हणालो. "समुद्रात. तिथं गाडी नाही चालत. तं पायी चालाचं आणि झोपडीत राहाचं. त्याच्यासाठी पैसे भरले."

भगवंतरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "जवाईबापू, आमी शेतीतले मानसं. पन एवढे बी खुळे नाही. झोपडीत राहाले कोनी पैसे देते?"

"बाबा, खरंच हाय," अमिता म्हणाली.

"पाहा!" केसरबाईंनी पदर डोळ्याला लावला. "एवढं होऊनबी नवऱ्याले झाकून राहिली माही लेक!"

खरं इतकं कमजोर असतं, हे मला तिथे कळलं. थोडं पिऊन मारलं असं मी म्हणालो असतो, तर कार्यवाही लवकर आटोपली असती. (मी पीत नाही आणि अमिताला मारण्याइतका धीट नाही.) शेवटी मला वामनचा सल्ला आठवला. हात जोडून म्हणालो, "चुकलं माझं."

"काय चुकलं?" एका वडीलधाऱ्याने विचारलं. काय चुकलं हे मला सुचेना, तेव्हा मंडळींनीच मदत केली. पोळ्याला लेकीला राहू न देता दुसऱ्याच दिवशी परत नेलं होतं. वीरेंद्रच्या लग्नात वऱ्हाडाच्या गाडीवरून तोंड फुगवलं होतं. बाजाराची पिशवी कधी उचलत नाही. पाहुणे आले की पेपर वाचतो. काही विचारलं तर बघू म्हणतो. मी प्रत्येकाला मान हलवत गेलो. वाईट एवढंच वाटलं की त्यात एकही आरोप खोटा नव्हता. आणि अमिताने तर मध्येच एक भर घातली, "आन चाय पेल्यावर कप बसल्या जागीच सोडतात." मी तिच्याकडे पाहिलं. ती मजेत होती.

माफी मंजूर झाली. वातावरण एकदम लग्नघरासारखं झालं. केसरबाईंनी लेकीची ओटी भरली, चहा आला, वीरेंद्र कोणाची तरी जीप घेऊन आला. "चाल ताई, तुले पांढुर्ण्याले सोडून देतो. भाऊजी, तुमी पुढं बसा."

अमिता सतरंजीवरून उठली नाही. "मी गाडीत नाही बसत. मले सावसरले जायचं हाय. पायी."

"पुन्हा?" भगवंतराव म्हणाले. "आता तं माफी मांगली त्याईनं!"

"माफीचं काय करू मी?" अमिताचा आवाज चढला आणि त्याच दमात भरूनही आला. "बाबा, मी समुद्र नाही पाह्यला. लहानपनी तुमी म्हणत होते, लगन झाल्यावर नवरा दाखवन. नवरा म्हणे बघू. आता पोरगी कमावती झाली, तिनं दाखवतो म्हणलं. मी गाडीत बसली तं जाते माहा समुद्र. झगडा नाही, काही नाही. मले पाहाचा हाय बस."

मी खाली पाहिलं. मला फार लाज वाटली. ती अट मी गंमत म्हणून घातली होती, आणि ही बाई भर उन्हात ढेकळं तुडवत ती पाळत आली होती. उठून सांगावं, अगं अट रद्द, बस गाडीत, असं मनात आलं. मी उठायलाही लागलो. पण माझ्याआधी केसरबाई बोलल्या.

"म्याबी नाही पाह्यला," त्या म्हणाल्या.

भगवंतरावांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू पहिल्यांदाच ऐकत होते. आणि बहुधा ते पहिल्यांदाच ऐकत होते. केसरबाईंनी लुगड्याचा काष्टा घट्ट केला, लेकीच्या बॅगेतली तुपाची बरणी काढून नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "चाल व, सावसरपर्यंत मी येतो तुह्यासंगं. किती दूर हाय तं?"

माय-लेकी निघाल्यासुद्धा. मी त्यांच्यामागे चार पावलं टाकली आणि खाली बसलो. वीरेंद्रने माझा बूट ओढून काढला. आतले फोड पाहून मंडळी हळहळली. नुकत्याच माफी मागितलेल्या जावयाबद्दल सासुरवाडीत एकदम माया दाटून येते. "असा कसा जाऊ द्याचा जवाई?" म्हणत चौघांनी मला उचललं. मी ओरडून विरोध केला. (विरोध करताना मी पाय आधीच वर घेतले होते, हे मान्य.) ट्रॉलीत सामानासाठी अंथरलेल्या गवतावर मला बसवलं आणि ट्रॅक्टर सुरू झाला.

अमिताने मागे वळून पाहिलं. मी हात हलवून ओरडलो, "मी नाही बसलो! मला बसवलं!"

"बसले नं पन?" ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

सावसरपर्यंत त्या दोघी पुढे आणि ट्रॉलीत मी मागे, अशी आमची वरात निघाली. केसरबाई वाटेत भेटेल त्याला सांगत होत्या, "समुद्र पाहाले चाललो." लोक त्यांना वाट देत होते आणि मला नमस्कार करत होते, निवडणुकीतल्या उमेदवाराला करतात तसा. बसस्टँडवर अमिता पोचली तेव्हा तिने बॅग खाली टाकली आणि आईच्या गळ्यात पडली. मला ट्रॉलीतून उतरवायला दोन हमाल लागले.

पुढचं थोडक्यात. मी पूजाला फोन केला आणि समजावून सांगितलं की अट मीच घातली होती, तेव्हा ती मीच शिथिल करू शकतो. ऑफिसात तसंच असतं. पूजा म्हणाली, "बाबा, झोपड्या दोघांच्याच आहेत. आणि आईने आजीचा फोटो पाठवला पासपोर्टसाठी." केसरबाईंच्या चौकशीला पोलीस मोहगावला गेला, तेव्हा त्यांनी त्याला पानगे वाढले आणि तू समुद्र पाहिला का, असं उलट विचारलं. पासपोर्ट आला. गेल्या आठवड्यात दोघी गेल्याही. भगवंतराव सध्या माझ्याकडे मुक्कामाला आहेत. दोघं मिळून वरण लावतो. ते पाणी जास्त घालतात आणि मी मीठ विसरतो.

काल दुपारी फोन आला. आधी नुसता वारा, मग मोठा घों घों आवाज, मग अमिता. ती नुसतंच 'अहो जी, अहो जी' म्हणत राहिली.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"लई मोठा हाय जी," ती म्हणाली. "सरतच नाही." आणि ती रडायला लागली. भगवंतराव बाजूला उभे होते. त्यांनी वरणाकडे पाहायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"तुमची लई आठवण येऊन राहिली," अमिता म्हणाली. "आईलेबी."

एवढ्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होतो. बेट गेलं तर गेलं, सगळं भरून पावलं असं वाटलं. मी हळूच विचारलं, "खरंच? कोणत्या वेळी येते गं आठवण?"

"आता चढ लागला नं," ती म्हणाली. "दोन बॅगा हायेत, आन उचलाले कोनीच नाही."